गिरजाने डॉक्टरला सांगितलं ते

आरमोरीच्या ढिवरपुऱ्यात, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत, गिरजाला भित्री म्हणणारं कोणी भेटलं नसतं. ऐन थंडीत गळाभर पाण्यात उभं राहून शिंगाडे तोडणारी बाई ती. पायाला जळू लागली तर ओढून काढायची आणि पुढचा वेल हातात धरायची. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत पटकीने गेला, तेव्हा ती सासर सोडून आईकडे परत आली. पाठोपाठ आईही गेली. मागे राहिला तो धाकटा भाऊ इस्तारी, जेमतेम सहा वर्षांचा. त्याला गिरजानेच वाढवलं. मासोळ्या विकल्या, शिंगाडे उकडून बाजारात नेले, लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी केली. पण पोराला शाळेतून काढलं नाही. शाळेतले गुणवंतराव मास्तर म्हणायचे, हा पोरगा नागपूरपर्यंत जाईल. आणि तो गेला. सरकारी वजिफ्यावर सायन्स कॉलेजात शिकू लागला.

चौपन्न सालच्या दिवाळीत इस्तारी घरी आला तो एक नवलाची गोष्ट घेऊनच. कॉलेजात पोरांची पलटण असते, तिच्यात विमानाची एक शाखा होती. त्या शाखेतल्या निवडक पोरांना सोनेगावच्या विमानतळावर विमान चालवायला शिकवायचं सरकारने ठरवलं होतं, आणि निवडलेल्यांत इस्तारी होता. शिकायला आधी कच्चा परवाना लागतो, आणि परवान्याच्या आधी डॉक्टरची तपासणी. ती तपासणी कशी झाली हे तो जेवता जेवता सांगत होता. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरून त्यातले आकडे वाचायला लावले. कानात नळी घालून पडदा पाहिला. फिरत्या खुर्चीवर बसवून गरगर फिरवलं, एकदम थांबवलं आणि बुबुळं कशी हलतात ते बघितलं. मग एक रबरी नळी तोंडात दिली. तिच्यात फुंकून पारा वर चढवायचा आणि दम न सोडता तिथंच धरून ठेवायचा. बाकीच्या पोरांचा पारा भराभर खाली येत होता. इस्तारी ढिवराचा पोरगा, लहानपणापासून पाण्यात बुडी मारणारा. त्याने पारा असा धरून ठेवला की डॉक्टरनेच शेवटी पुरे म्हटलं.

गिरजा हसत ऐकत होती. त्याच्या ताटात आणखी भात वाढायला तिने हात पुढे केला.

"मंग घरच्यायचं विचारते," इस्तारी म्हणाला. "घरात कोणाले मिरगी हाये का, कोणी याडं हाये का, बाप कायनं मेला. म्हटलं, मिरगी-गिरगी काई नाई आमच्या घरी. बाप वैनगंगेच्या भोवऱ्यात गेला. तसं लिहून घेतलं अन् केली सही."

भाताने भरलेला हात तसाच राहिला. मग तिने विचारलं, "मिरगीचं काऊन विचारते ते?"

"विचारतीन नाई तं काय. वर गेल्यावर घडीभर जरी माणसाचं भान हरपलं तं विमान का थांबते? बैलगाडी थोडीच हाये ते, का गाडीवान झोपला तरी बैल घरी घेऊन येतीन."

एवढं बोलून तो पुन्हा जेवू लागला. गिरजाने भात वाढला, उठून चुलीपाशी गेली आणि विझलेल्या चुलीला फुंकर घालत बसली. तिला भावाकडे पाहवेना.

त्यांचा बाप मुखरू भोवऱ्यात गेला नव्हता. हे आता जगात एकट्या गिरजाला ठाऊक होतं.

तेव्हा ती तेरा वर्षांची असेल. इस्तारी अंगावर पीत होता. बापाबरोबर ती डोंग्यात जायची, साचलेलं पाणी उपसून टाकायला. त्या दिवशी नदी शांत होती. मुखरू डोंग्याच्या टोकाला उभा राहून जाळं फेकायच्या बेतात होता. एकाएकी त्याची मान एका बाजूला वळली, जणू पलीकडच्या थडीवरून कोणी हाक मारली. गिरजानेही तिकडे पाहिलं. थडीवर कोणी नव्हतं. बापाच्या गळ्यातून एक आवाज आला, तो माणसाचा वाटेना. अंग लाकडासारखं ताठ झालं आणि तो जाळ्यासकट पाण्यात पडला. जाळं त्याच्याभोवती गुंडाळलं गेलं. पाणी काही वेळ खळबळत राहिलं. मग तेही थांबलं. गिरजा डोंग्यात बसून होती. तिला पोहता येत होतं; पण तिचे हातपाय हलले नाहीत.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आईला नवल वाटलं नाही. याआधी दोनदा असंच घरात झालं होतं, आणि आईने दार लावून घेतलं होतं. तिने गिरजाचे दोन्ही खांदे धरले आणि बजावलं, भोवरा होता असं सांगायचं. घरात मिरगी आहे हे कळलं तर तुला कोणी करून घेणार नाही, आपल्या हातची मासोळी कोणी घेणार नाही. गिरजाने तसंच सांगितलं. पुढे सांगून सांगून तो भोवरा इतका पक्का झाला की गावातले लोक जागाही दाखवायचे.

इस्तारी नागपूरला परत गेला आणि गिरजाच्या जिवाला घोर लागला. जाण्याआधी त्याने पुढचंही समजावून सांगितलं होतं. आत्ता शेजारी शिकवणारा मास्तर असतो. हात बसला की मास्तर उतरतो आणि एकट्याला वर पाठवतो. मग हवेचे नियम, नकाशा, वारा-पाऊस यांची परीक्षा द्यायची, ठरलेले तास भरायचे, की पक्का परवाना. त्याच्या पुढचा परवाना पोटापाण्याचा. त्यासाठी दिल्लीला मोठे डॉक्टर, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. इस्तारीला तोच हवा होता. गिरजाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट राहिली. मास्तर उतरतो आणि एकट्याला वर पाठवतो.

शिंगाड्याच्या तलावात उभी असताना आभाळात घरघर झाली की तिच्या हातातला वेल सुटायचा. आरमोरीवरून विमान कधीतरीच जायचं, तेही फार उंचावरून. ते इस्तारीचं नव्हे हे तिलाही कळत होतं. तरी ते दिसेनासं होईपर्यंत ती श्वास धरून बघत राहायची. सोबतची सोमारी म्हणायची, भाऊ साहेब होणार म्हणून गिरजा आताच वर बघून चालायला लागली. गिरजा सुटलेला वेल पुन्हा धरायची.

एक दुसरी आठवणही तिला छळू लागली. इस्तारी चार-पाच वर्षांचा असताना हिवतापाने फणफणला होता. तापात त्याचे डोळे पांढरे झाले होते, दातखिळी बसली होती. ताप उतरला आणि पोरगं खेळायला लागलं. ते तापामुळे झालं होतं, की बापाचंच त्याच्यात उतरलं होतं? आजवर तिने हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. आता तो जात नव्हता.

बाजाराच्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात गेली. शेजारणीच्या पोराचं विचारते असं सांगून तिने डॉक्टरला विचारलं की बापाची मिरगी पोराला येते का. डॉक्टर भला माणूस होता. बापाला असली म्हणून पोराला येईलच असं नाही, तो म्हणाला, पण येणारच नाही असं कोणी लिहून देणार नाही. कधी लहानपणी दिसते, कधी विशी-तिशीत. इस्तारीला विसावं लागायला आलं होतं. मुखरूला पहिल्यांदा झालं तेव्हा तो तिशीच्या घरात होता. गिरजा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली आणि टोपलीतल्या मासोळ्यांवर माशा बसू लागल्या तरी तिने हाकलल्या नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास गुणवंतराव मास्तरांकडे इस्तारीचं पत्र आलं. येत्या आठवड्यात बहुतेक एकटा वर जाईन, असं त्यात होतं. मास्तरांनी ते मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. गिरजाने त्याच दिवशी लुगड्याची घडी फडक्यात बांधली, शिंगाड्याचं पीठ घेतलं आणि निघाली. डोंग्याने वैनगंगा ओलांडली, गाडीवाट धरून ब्रह्मपुरी, तिथून नागभीड, आणि नागभीडहून छोट्या रुळाची गाडी. डब्यात बसल्यावर काय सांगायचं याची ती मनाशी जुळवाजुळव करत होती. सांगितलं तर पोराच्या हातातून सगळं जाईल. शिवाय तो म्हणेल, इतकी वर्षं खोटं बोललीस. नाही सांगितलं तर तो वर असताना एक दिवस त्याची मान तशी वळेल. गाडी प्रत्येक ठेसनावर थांबत होती आणि तिला वाटत होतं, आपण खाली उतरून मागे फिरावं.

वसतिगृहावर कळलं की इस्तारी सकाळीच सोनेगावला गेला. टांगा करून ती तिथं पोचली तेव्हा मैदानाच्या कडेला चार-पाच पोरं उभी होती आणि सगळी वर बघत होती. त्यांच्याबरोबर टोपी घातलेला एक गोरासा माणूस होता. तो शिकवणारा मास्तर, पारशी होता. गिरजाने इस्तारीचं विचारलं. एका पोराने बोट वर केलं.

दोन मजली पंखांचं, कापड ताणून बांधलेलं ते लहानसं विमान होतं. दोन माणसांच्या जागा होत्या, आणि त्यातली एक रिकामी होती. गिरजाला खालून ती दिसली, किंवा दिसली असं वाटलं.

तिचे हातपाय हलेनात. त्या दिवशी डोंग्यात असंच झालं होतं. ती मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही मुठींत गवत धरलं. विमान वळलं तेव्हा त्याचा एक पंख खाली झुकला. तिने मुठीतलं गवत उपटलं. पारशी मास्तराने तिच्याकडे पाहिलं आणि मोडक्या मराठीत समजावलं की वळताना पंख झुकतोच, पोरगा बरोबर चालवतो आहे. ती मास्तराकडे पाहत नव्हती. पोराची मान कुठे वळते ते तिला बघायचं होतं, आणि इतक्या दुरून टोपडं घातलेला ठिपका तेवढा दिसत होता. विमान झाडांमागे गेलं. घरघर ऐकू येईना. मग ते पलीकडून खाली येताना दिसलं, जमिनीला टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि धावत जाऊन थांबलं. पोरांनी एकच कल्ला केला.

इस्तारी धावत आला. बहिणीला पाहून त्याला आधी खरंच वाटेना. त्याने तिच्या पायांना हात लावला, सगळ्यांना ओरडून सांगितलं की ही माझी बाई, मोठी बहीण, हिनंच मला वाढवलं. त्याचा चेहरा असा फुलला होता की गिरजाने सांगायचं ते पुढे ढकललं. एका पोराने मिठाई आणली. तिनेही खाल्ली.

संध्याकाळ व्हायच्या आत इस्तारी तिला परत घेऊन निघाला. टांगा मिळेना म्हणून दोघं पायीच चालू लागले. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा एकट्याने जायचं आहे, असं तो सांगत होता. रस्त्याकडेच्या चिंचेखाली गिरजा थांबली.

"आपला बाप भोवऱ्यात नाई गेला," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. वळलेली मान, तो आवाज, जाळं, आईने धरलेले खांदे. तापात डोळे पांढरे झाले होते तेही सांगितलं. इस्तारी ऐकत उभा होता. रस्त्याने गवताची एक बैलबंडी गेली, तिच्याकडे तो बघत राहिला.

"आजच काऊन सांगतलं?" त्याने विचारलं. "काल सांगाचं होतं. नाई तं सांगाचंच नोकोतं."

"मी आज तुले वर पाह्यलं."

पुढे वसतिगृह येईपर्यंत तो तिच्या दोन पावलं पुढेच चालला. तिच्या राहण्याची सोय त्याने ओळखीच्या एका घरी केली आणि निघून गेला. गिरजाला खात्री होती की तो कोणाला काही सांगणार नाही आणि पुढच्या आठवड्यात वर जाईल. अडवायचं तर आपल्याला एकटीलाच त्या डॉक्टरला शोधावं लागेल, आणि या शहरात आपल्याला डावा-उजवा रस्ताही ठाऊक नाही, या विचाराने तिचा डोळा लागला नाही.

सकाळी इस्तारी दारात उभा होता. डोळे लाल, अंगावर कालचाच सदरा. म्हणाला, "चाल. डॉक्टर विचारीन तं डोळ्यानं पाह्यलं तूनंच. मी काय सांगू?"

परवान्याच्या तपासण्या करणारा तो डॉक्टर म्हातारा होता, पूर्वी फौजेत होता. इस्तारीने अडखळत सांगितलं की मागे दिलेलं उत्तर चुकलं होतं. डॉक्टरने त्याला बाहेर बसवलं आणि गिरजाला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसेना, जमिनीवर बसली. पदराचं टोक तिने इतकं पिळलं होतं की त्याचा दोर झाला होता.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं ते नंतर. आधी काय दिसलं तेवढंच सांगा."

मान कोणत्या बाजूला वळली, आवाज आधी की ताठ होणं आधी, जीभ चावली होती का, घरी झालं तेव्हा कपडे ओले झाले होते का, उठल्यावर माणसं ओळखत होता का, दारू किती प्यायचा, डोक्याला कधी मार लागला होता का. गिरजा एकेक आठवून सांगत गेली. अठरा-एकोणीस वर्षं जे कोणापाशी उघडलं नव्हतं ते एका परक्या माणसापुढे बाहेर येत होतं, आणि आई अजून खांदे धरून उभी आहे असं तिला वाटत होतं. पोराच्या तापाशी आल्यावर तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टरने पाणी दिलं आणि थांबला.

मग त्याने इस्तारीला आत बोलावलं. लहानपणच्या तापातल्या झटक्याने फारसं बिघडत नाही, त्याने सांगितलं. आपल्या भागात हिवतापाने पुष्कळ पोरांना असं होतं. पण बापाचं ऐकून मला गप्प बसता येणार नाही. दिल्लीला कळवावं लागेल. तिकडून उत्तर येईपर्यंत विमानाला हात लावायचा नाही.

"मी काल एकट्यानं उडवलं," इस्तारी म्हणाला.

"उडवलंस. आणि चांगलंच उडवलं असशील," डॉक्टर म्हणाला, आणि त्याने कच्चा परवाना मागून घेतला.

पुढे इस्तारीला मुंबईच्या एका इस्पितळात पाठवलं. तिथं डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. रेघांत काही वाकडं सापडलं नाही. तरीही पावसाळ्यात दिल्लीहून उत्तर आलं की उमेदवार वैमानिकाच्या परवान्याला योग्य नाही. का नाही, याचा खुलासा नव्हता.

इस्तारीने परीक्षा दिली आणि नागपुरातच विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. त्याही कामाला परवाना असतो. पण त्यात बापाचं मरण विचारत नाहीत. दोन दिवाळ्या तो घरी आला नाही. गुणवंतराव मास्तरांना पत्र यायचं, त्यात खुशाली असायची, बहिणीचं नाव नसायचं. गिरजाने आता गावात खरं सांगून टाकलं होतं. काही बायांनी तिच्याकडून मासोळ्या घेणं सोडलं, थोड्या दिवसांनी त्यातल्या बऱ्याच परत आल्या. त्याचं तिला काही वाटलं नाही. तिला भीती वाटायची ती वेगळीच. पोरगा तिकडे एकटा आहे. इंजिनाजवळ, फिरत्या पात्याजवळ उभा असताना त्याला झालं तर? आणि झालंच नाही, कधीच झालं नाही, तर मग आपण त्याचं काय केलं? यातलं कोणतं मोठं हे तिला ठरवता येत नसे.

सत्तावन्न साली तो न कळवता आला. वाळला होता, नखांत काळं तेल होतं. जेवला, हात धुतले, आणि अंगणात खाटेवर बसून म्हणाला, "लय दिवस रागावलो होतो तुयावर. आताही थोडा आहोच."

"राह्य रागावून," गिरजा म्हणाली. "घरी येत जाय."

त्यानंतर तो येत राहिला. लग्नाचं निघालं तेव्हा त्याने एकच अट घातली. पोरीच्या घरी बाईने आधी सगळं सांगायचं, मग बोलणी. पहिल्या ठिकाणी ऐकल्याबरोबर पाहुण्यांना चहाही न देता उठवलं. दुसरं ठिकाण राजुऱ्याचं. रामाजी नावाचा गृहस्थ, वर्धा नदीच्या काठी राहणारा, पोरीचं नाव प्रेमिला. गिरजाने बैठकीत बसल्यावर दोन्ही मुठींत सतरंजीची कड धरली, सोनेगावच्या मैदानात गवत धरलं होतं तशी. तिने सांगितलं. रामाजी जमिनीकडे बघत राहिला. गिरजाला वाटलं, झालं, आता उठावं.

दाराआडून प्रेमिलाने विचारलं, "त्यायले आतापावतर कधी झालं का?"

"नाई," इस्तारी म्हणाला.

"अन् झालं तं मंग काय करायचं?"

बापाने तिला दटावलं. पण इस्तारीने हात वर करून थांबवलं. मुंबईच्या इस्पितळात त्याला सांगितलं होतं. माणसाला धरून दाबायचं नाही. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि उतरेपर्यंत जवळ बसून राहायचं. पाणी आणि आग यांपासून दूर ठेवायचं. एवढंच.

आतून प्रेमिलाने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, पाठ केल्यासारखं. दबावाचं नाई. तोंडात काई घालाचं नाई. कुशीवर.

रामाजीने पोरीच्या आईकडे पाहिलं, आई आत गेली, आणि काही वेळाने चहा आला. लग्न वैशाखात झालं. गिरजा दोन दिवस नागपूरला त्यांच्याकडे राहून आली. येताना नागभीडच्या गाडीत शेजारच्या बाईने विचारलं की भाऊ काय करतो. विमानाची इंजिनं दुरुस्त करतो, गिरजाने सांगितलं. मग तो कधी वर बसतो का, असं त्या बाईने विचारलं. गिरजाने खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिलं आणि सांगितलं, एकदा बसला होता, एकटाच; मी पाहिलं.